चार दिवस आधीची आंबील

पोस्टवर आम्ही सहा जण होतो. उंची दहा हजार फूट, बेस खाली चार तासांच्या चालीवर. सकाळी सहाला हत्यार घेऊन मोर्चावर स्टँड-टू, सातला चहा, आठला रेडिओ चेक. मी तेव्हा लान्स नायक होतो, गाव मुखेड तालुक्यातलं. नायक व्यंकट उदगीरकडचा. जिल्हे वेगळे, पण आमच्या गावांमध्ये एस.टी.चा दीड तास. इतक्या लांब भेटलेला असा माणूस सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटतो.

सुट्टीवरून येताना व्यंकटनं आईनं दिलेलं शेरभर ज्वारीचं पीठ आणलं होतं, धोतराच्या फडक्यात बांधून. फौजेत पिठाचा दुष्काळ पडलाय का, असं म्हणून मी रोज त्याची टर उडवायचो. तो मनावर घ्यायचा नाही. ते पीठ येळवशीसाठी होतं. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडे सगळं गाव रानात जेवतं. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून आंबील करायची, कडब्याच्या कोपीत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आंबील आधी रानाला शिंपडायची आणि मग माणसांनी प्यायची. असशील तिथं कर, असं आईनं त्याला बजावलं होतं. तोवर फडक्याची गाठ सोडायची नाही, हे त्याचं पक्कं ठरलेलं.

येळवस चार दिवसांवर आली असताना बर्फ सुरू झाला आणि मला ताप भरला. उंचीवर भूक आधीच मरते, त्यात पोटात काही ठरेना. डब्यातली भाजी, बिस्किटं, सगळं उलटून पडायचं. भरीस भर म्हणून स्टोव्हचा वॉशर गेला. स्पेअर बेसला. आठच्या चेकला पोस्ट कमांडर हवालदार साहेबांनी हेलिकॉप्टर मागितलं. बेसहून उत्तर आलं,

"वेदर क्लोज्ड. पेशंट चालू शकतो का? ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "निगेटिव्ह. ओव्हर."

म्हणजे हेलिकॉप्टर नाही; थोडीफार उघडीप मिळेल तेव्हा मी स्वतःच्या पायांनी उतरायचं, नाहीतर तिथंच संपायचं. खरं सांगतो, मी आशा सोडली होती.

व्यंकटनं तुपाचा रिकामा डबा संगिनीनं खालून कापला, बाजूला भोकं पाडली आणि खडकाच्या आडोशाला ठेवला. झाली चूल. रेशनच्या पेट्यांच्या फळ्या फोडल्या. दूध पावडरच्या डब्याला सिग्नलच्या वायरची कडी केली आणि त्यात बर्फ वितळवला. ताक कुठून आणणार? पावडरचं दूध करून त्यात त्यानं लिंबाच्या लोणच्याचा खार ओतला. दूध फाटलं, तेच त्याचं ताक. मग फडक्याची गाठ सोडली आणि तंबूच्या खुंटीनं आंबील ढवळत बसला. स्वयंपाकात तो अगदीच ढ होता. धुरानं डोळे गळत होते, फळ्या सारख्या विझायच्या, आणि तो त्यांना खास उदगिरी शिव्या घालायचा.

त्यानं आंबिलीनं चहाचा मग भरून आणला. दोन थेंब बर्फावर शिंपडले आणि मग माझ्या तोंडाला लावला.

"आज कुठं येळवस हाय?" मी म्हणालो.

"पांडवांला समजतंय ते. तू पी गप."

ती आंबील पोटात ठरली. पीठ संपेपर्यंत दिवसातून तीनदा तो मला पाजत राहिला. चौथ्या दिवशी साडेदहाला ऊन पडलं. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, पण माझ्याच पायांनी, मी बेसला उतरलो. तो दिवस येळवशीचा होता. व्यंकटचं फडकं रिकामं होतं.

अकरा दिवसांनी वाट मोकळी करणाऱ्या पार्टीवर बर्फाचा कडा कोसळला. दोघं जिवंत निघाले. व्यंकटला बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

हॉस्पिटलातून सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईला मी माय म्हणतो. मायनं एकच विचारलं, येळवशीला त्यानं आंबील केली का? केली, असं मी सांगितलं. तिच्या लेकाचा सण मी आधीच पिऊन बसलो होतो, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

तेव्हापासून दर येळवशीला मी मुखेडहून तिच्या रानात जातो. आज मी जिवंत आहे तो त्या शेरभर पिठावर, आणि तिथं बसून खोटं गिळणं दरसाल जड होत गेलं. यंदा मायनं बिंदगं कलतं करून आंबील माझ्या पेल्यात ओतली आणि मला राहवलं नाही. पेला खाली ठेवून सगळं सांगितलं. येळवशीला त्यानं आंबील केली नाही, पीठ माझ्यावरच संपलं, हेही सांगितलं.

मायनं पेला उचलून परत माझ्या हातात दिला.

"त्याच्या हातची तू पिलास नं?" ती म्हणाली. "मला कुठं मिळाली कधी. सांग की, कशी झाल्ती?"

"खारट, माय. लई खारट."

ती हसली आणि पदरानं डोळे पुसले. "मीठ त्याला कधी कळलंच न्हाई."

मग डब्याच्या चुलीपासून ते शिव्यांपर्यंत सगळं तिनं मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.