काळ्या कागदातली फळी

आधी गुन्हा कबूल करते. जगात कुणी केला नसेल असा मूर्खपणा मी अठ्ठावन्नाव्या वर्षी केला. न्यूट्रिनोच्या प्रयोगासाठी घडवलेल्या, काचेसारख्या प्लास्टिकच्या फळीवर तेलाचा हात फिरवून मी मुगवड्या घातल्या. तेव्हा आमच्या सबंध घमापूर मोहल्ल्यात आपल्याइतकं हुशार कुणी नाही अशी माझी खात्री होती, हेही सांगून टाकते.

फळी आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या, कॉलेजात शिकवणाऱ्या बाईची. इतकी विक्षिप्त आणि इतकी गोड बाई मी दुसरी पाहिली नाही. सेकंदाचे अब्ज तुकडे करून त्यातले चार-दोन नेमके टिपणारं यंत्र ती घडवायची, आणि हळदीकुंकवाला मात्र दुसऱ्या दिवशी उगवायची. सदर बाजारातल्या खव्याच्या जिलबीवाल्याला तिनं एकदा विचारलं, "भैया, कितने सेकंड तलते हो?" तो म्हणाला, "दीदी, गिनूँगा तो जल जाएगी." तिनं ते वहीत लिहून घेतलं! मी न्यूट्रिनोबद्दल विचारलं तर म्हणे, "काकू, आत्ता तुमच्यातून कितीतरी गेले. थांबत नाहीत, बोलत नाहीत. क्वचित एखादा कशाला तरी धडकतो, त्यातून उडालेला कण या फळीतून गेला की उजेड चमकतो. दोन्ही टोकांना उजेड टिपणारे डोळे बसवायचे. कोणत्या डोळ्याला आधी दिसला, त्यावरून कण कुठून गेला ते कळतं." मी पदर सावरून बसले. कोणी आरपार जाणारच असेल, तर आपण नीटनेटकं असलेलं बरं.

बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून फळी काळ्या कागदात गुंडाळून गच्चीवरच्या खोलीत असे. महिनाभर घासून आरशासारखी केलेली ती फळी सोमवारी दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तपासणीला जायची होती. पास झाली, तर तशाच फळ्या प्रयोगात बसणार. शनिवारी बाई कॉलेजात गेली आणि मला वाळवणाला सपाट जागा हवी होती. कागद सोडला, तेल लावलं, वड्यांच्या ओळी घातल्या.

दुपारी ती आली. "काकू, हे काय करून राहिल्या?"

"वड्या घालून राहिले. फळी झकास आहे हो तुझी!"

तिनं वाकून वडीखालचा तेलाचा डाग बोटानं पुसून पाहिला. तिचा चेहरा बघून मी घाईघाईनं उलथन्यानं वड्या खरवडल्या, तर होती नव्हती ती चकाकीही ओरखड्यांत गेली.

दुसरी एक फळी होती, पण खडबडीत. दोन दिवस आम्ही दोघी हातमोजे घालून ती घासत बसलो. त्या दोन दिवसांत मी एक शब्द बोलले नाही, हे आमच्या घरात अजून कोणाला खरं वाटत नाही. सोमवारी फळी गेली, पास झाली, आणि काही महिन्यांनी बाईही त्याच प्रयोगशाळेत कायमची निघाली. गच्ची एकदम फार मोठी वाटायला लागली.

स्टेशनवर मी विचारलंच, "त्या दिवशी रागावली काहून नाहीस गं?"

ती म्हणाली, "काकू, मी काय करते हे माझ्या घरच्यांनी अजून विचारलं नाही. माझं काम हातात घेणाऱ्या तुम्हीच पहिल्या. तेल लावून का होईना."