धामणीचं धनुष्य आणि माझा जबाब

आमच्या घरात धनुष्याची गरज कोणालाही नव्हती.

नेवाशात वाघ नाही, माझ्यावर कोणी चाल करून येण्याची शक्यता नाही (स्टाफरूममध्ये दोघे आहेत, पण ते फक्त बोलतात), आणि शिकारीचं म्हणाल तर आमच्याकडे झुरळ मारायलासुद्धा बायकोला बोलवावं लागतं. तरीही मी, वय वर्षं बावन्न, पेशाने शिक्षक, स्वतःच्या हातांनी धनुष्य करायला बसलो. याला जबाबदार माझे साडू!

साडू म्हणजे बेंजामिनराव. श्रीगोंद्याकडे एका साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यापासून हा माणूस थांबेचना. आधी कोंबड्यांचं खुराडं केलं, मग कपडे वाळत घालायचा स्टँड, मग सागवानी झोपाळा. तो झोपाळा बघायला आम्हाला खास बोलावलं. दोघादोघांना बसवण्यात आलं. कौतुक केल्याशिवाय उतरायची सोय नव्हती.

"नाहीतर आमच्याकडे," माझी बायको एस्तेर झोका घेत म्हणाली, "खिळा ठोकायचा म्हटलं तरी शेजाऱ्यांना हाक मारावी लागते."

"माझंही चाललंय एक काम," माझ्या तोंडून निघून गेलं.

"कसलं?" बेंजामिनरावांनी विचारलं.

त्याच सकाळी मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता. त्यात एक दाढीवाला गृहस्थ चौदा मिनिटांत लाकडाचं आखूड धनुष्य करतो. आणि साधंसुधं नाही, रिकर्व्ह! म्हणजे दोरी नसतानाही ज्याची दोन्ही टोकं बाहेरच्या अंगाला वळलेली असतात, तसलं.

"धनुष्य," मी म्हणालो.

झोपाळा थांबला.

"नाताळच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे जेवायलाच या," मी आणखी पुढे गेलो. "चालवूनच दाखवतो. चर्चच्या पाळकसाहेबांनाही बोलावतो!"

हाताशी चार महिने होते. चौदा मिनिटांच्या कामाला चार महिने म्हणजे चैनच की!

लाकूड मिळालं राजूरच्या बाजारात. प्रशिक्षणासाठी तिकडे गेलो होतो, तेव्हा कुऱ्हाडीचे दांडे विकायला बसलेले एक म्हातारबाबा दिसले. त्यांच्याकडे धामणीची (साप नव्हे, झाड) एक सरळ, चार फुटी फाळ, म्हणजे उभी चिरलेली पट्टी होती. धामण वाकते पण मोडत नाही, असं त्यांनीच सांगितलं.

"कुदळीला पायजे का कुऱ्हाडीला?"

"धनुष्याला."

बाबांनी मला टकलापासून चपलेपर्यंत बघितलं.

"कोन वडनार?"

"मीच."

"मंग ही नको," म्हणून त्यांनी हातातली फाळ ठेवून दिली आणि तिच्याहून बारीक काढली. "वल्ली हाय. सावलीत सुकवा. घाई करू नका. आन् जमलं न्हाई तर दांडा म्हनून वापरा, वाया न्हाई जायाची."

दोन महिने फाळ एस्तेरच्या कपाटावर सुकत होती. त्या काळात ती तीनदा तिच्या डोक्यावर पडली. चौथ्यांदा पडली तेव्हा मी ती मुकाट्याने खाली घेतली आणि तासायला सुरुवात केली.

मग आलं टोकं वळवायचं काम. दाढीवाला म्हणतो, लाकडाला तासभर वाफ द्या म्हणजे ते मऊ पडतं. वाफ द्यायला त्याच्याकडे लांबच लांब पेटी होती. माझ्याकडे इडलीपात्र होतं. चार फुटी फाळीचं वीतभर टोक पात्रात, बाकीचा सगळा ऐवज ओट्याबाहेर, आणि झाकणाच्या फटीत एस्तेरचा नवा टॉवेल. माझी आई वासाने स्वयंपाकघरात आली.

"एस्तेर, इडल्या गं?"

"नाही आई. धनुष्य आहे."

"मग चटणी कशाला करतेस?" असं म्हणून आई परत गेली.

वाफवलेलं टोक कशाच्या तरी गोल कडेवर घट्ट दाबून दोन दिवस ठेवायचं असतं. घरात अगदी हवी तशी गोलाई असलेली एकच वस्तू सापडली. पोळपाट! मी त्याच्या कडेला टोक लावलं, शेजारच्या सुताराकडून आणलेले दोन शिकंजे आवळले आणि समाधानाने हात झटकले. दोन दिवस पोळ्या उलट्या ताटावर लाटल्या गेल्या. मग दुसरं टोक. आणखी दोन दिवस.

"बायबलात दावीदाने गल्याथाला गोफणीने पाडलं," ताटावरून घसरणारी पोळी पकडत एस्तेर म्हणाली. "त्याने आईकडे पोळपाट मागितल्याचं कुठे वाचलं नाही मी."

यानंतर मुख्य काम. धनुष्याचे दोन्ही हात सारखे वाकले पाहिजेत. मी ओढून बघितलं, डावा हात ताठ वाटला. डावा कानशीने घासला. आता उजवा ताठ! उजवा घासला. पुन्हा डावा! न्हाव्याने कल्ले सारखे करता करता दोन्ही कानांच्या वर जावं, तसं माझं चाललं होतं. शेवटी दोन्ही हात सारखे वाकू लागले, तेव्हा त्या धामणीत आणि आमच्या पडद्याच्या काठीत फारसा फरक उरला नव्हता. पण दिसायला? देखणं! टोकं अशी डौलात वळलेली की आईसुद्धा म्हणाली, "छान झालंय. कपडे अडकवायला?"

ठरलेला रविवार उजाडला. उपासना आटोपून सगळे आमच्या अंगणात जमले. पाळकसाहेब खुर्चीवर, आई शेजारी, एस्तेर हातात रश्श्याची पळी घेऊन दारात. बेंजामिनराव मात्र उभे, हात पाठीमागे बांधून, कारखान्यात नवी मशीन तपासायला आल्यासारखे. समोर उसाचं पाचट भरलेलं पोतं टांगलं होतं. बाण म्हणून मी बांबूच्या तीन कामट्या तासल्या होत्या.

फक्त दोरी चढवायची बाकी होती. नायलॉनच्या दोरीचा एक फास खालच्या टोकात अडकवला, धनुष्य पायात धरलं आणि वाकवायला लागलो.

"अहो, उलटं धरलंय," दारातून एस्तेर म्हणाली.

"काय उलटं?"

"टोकं वळलीत त्याच बाजूला दोरी लावताय तुम्ही. तो दाढीवाला दुसऱ्या बाजूने लावतो. टोकांच्या विरुद्ध."

"तू रस्सा बघ."

"चार महिने तो व्हिडिओ माझ्या कानाशी वाजतोय. मला पाठ झालाय."

"मलाही वाटतं..." पाळकसाहेबांनी सुरुवात केली.

"साहेब, या गोष्टीचा माझा अभ्यास आहे!" मी म्हणालो, आणि साडूंकडे बघत, होतं नव्हतं तेवढं वजन टाकलं.

आवाज एवढा मोठा झाला की समोरच्या गल्लीतलं कुत्रं घरात पळालं. धनुष्याचा खालचा तुकडा पायातच राहिला. वरचा माझ्या कपाळावर आला, तिथून उडाला आणि बेंजामिनरावांनी तो हवेतल्या हवेत झेलला. (निवृत्त झाले, पण हात काय तयार आहे!) मी खाली बसलो. आई ओरडली. एस्तेरने पळी टाकली आणि धावत येऊन पदर माझ्या कपाळाला लावला. तेव्हा मात्र मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

एस्तेर, साडू आणि पाळकसाहेब मला दवाखान्यात घेऊन गेले. पाच टाके पडले.

"कशाने लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"धनुष्याने."

"कोणी मारलं?"

मी उत्तर देणार एवढ्यात बेंजामिनराव आत आले. हातात तो तुकडा, टोकाला माझं रक्त! गडबडीत तो खाली ठेवायचं त्यांना सुचलंच नव्हतं. डॉक्टरांनी एकदा तुकड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि शांतपणे पोलिसांना फोन लावला. हत्याराची जखम म्हणजे कळवावंच लागतं म्हणे.

हवालदार आले. आल्या आल्या साडूंना कोपऱ्यात उभं केलं.

"जागेचा वाद हाय का तुमच्यात?"

"नाही हो! मी जेवायला आलो होतो!"

"मंग हे लाकूड तुमच्या हातात कसं?"

"झेललं!"

हवालदारांचा यावर विश्वास बसणं कठीणच होतं. शेवटी पाळकसाहेबांनी मध्यस्थी केली. सगळी हकीकत त्यांनी सावकाश, कुठेही न हसता, इतक्या गंभीरपणे सांगितली की ऐकताना मलाच माझी कीव आली. हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि कागद पुढे ओढला.

"बरं, मास्तर, तुमचा जबाब लिवतो. दुखापत कुनामुळं झाली?"

मी कपाळावरची पट्टी चाचपली.

"त्यांच्याच मूर्खपणामुळे," एस्तेर म्हणाली. पाळकसाहेबांनी मान हलवली. बेंजामिनरावांनी जरा जास्तच हलवली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण माझ्याविषयी सासरचं, घरचं आणि चर्चचं असं एकमत मी पहिल्यांदाच बघत होतो. तिघांनीही साक्षीदार म्हणून आनंदाने सह्या केल्या.

कागद माझ्यापुढे आला. 'सदर इजा माझ्याच मुर्खपणामुळे झाली असून माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

मी खिशातून लाल पेन काढलं.

"हवालदारसाहेब, हा 'मू' दीर्घ असतो."

"आसंल," हवालदार म्हणाले, "तुमाला जास्त म्हाईत."

मी तो दीर्घ केला आणि खाली सही केली.