कापडाची उलटी बाजू

आमच्या बेळगाव-शहापूरच्या अण्णांएवढा कापडाच्या उलट्या बाजूवर जीव टाकणारा माणूस साऱ्या मुंबईत दुसरा नसेल. नवं धोतर नेसून कुणी समोर आला, की हे आधी त्याचा सोगा उलटून पाहणार, मग रामराम. एकदा ट्रामच्या थांब्यावर एका अनोळखी वकिलाच्या उपरण्याचं टोक त्यांनी असंच परतलं आणि "घाईनं विणलंय" म्हणून पुढं चालू लागले. मार खायला मागं राहिलो मी. "उजवी बाजू दुकानदाराची, उलटी विणकराची," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

मराठी चौथीतून शाळा सोडून मी गिरणीत आलो, तेव्हा त्यांनीच खोलीत जागा दिली, तुटलेला धागा सांधायला शिकवलं. आज चार घास खातो ते त्यांच्यामुळं. बदल्यात एकच मागणं, दर रविवारी अजबखान्यात सोबत. तिथं हस्तिदंती देव्हारे, चांदीच्या सुरया, नक्षीच्या पेट्या. पण अण्णा सगळ्यांना पाठ दाखवून एका काचेच्या कपाटापुढं तासभर उभे. आत एक अंजिरी लुगडं. खालची इंग्रजी चिठ्ठी मी अक्षरं जुळवून लावली: बेळगाव. बाकीचं मला लागलं नाही, त्याची लाज अजून वाटते.

"आमच्या आप्पांचं असंल रं," अण्णा म्हणायचे. त्यांचे वडील पदर संपताना उलट्या बाजूला एक काळा धागा सोडत, दृष्ट लागू नये म्हणून. "जन्मभर विणलं, पर घरात वीतभर ऱ्हायलं न्हाय." तो धागा दिसावा म्हणून अण्णा काचेला गाल लावत, एकदा तर चक्क फरशीवर उताणे झोपले. लुगडं परतून दाखव म्हणून तिथल्या पहारेकऱ्याला दोन वर्षं विनवलं.

शेवटी एका रविवारी कडुनिंबाचा पाला बदलायला कपाट उघडलं होतं. पहारेकरी म्हणाला, "या अण्णा, परतून दाखवतो. लवकर बघा."

अण्णांनी हात धोतराला पुसले, पुढं केले, आणि मागं घेतले.

"ऱ्हाऊ दे, दादा."

"अहो, दोन वर्षं डोकं खाल्लंत माझं!"

"व्हय. पर धागा न्हाय निघाला, तर ह्या गावात भेटाया कुणाकडं जाऊ?"

अण्णा वारल्यापासून मी एकटाच जातो. पहारेकरी कपाटाकडं पाहून भुवया उंचावतो, मी नको म्हणून मान हलवतो. घरचं पत्र आलं, की आत काय वाईट निघेल या भीतीनं एकट्यानं खोलीत फोडायची छाती होत नाही. ते मी तिथं, लुगड्यासमोर उभा राहून फोडतो.