राबातलं मांजर

दोन हजार एकोणीस साल, मी अडुसष्ट वर्षांचा होतो. अजून कुटं राब भाजल्याचा वास आला की ती उन्हाळ्यातली संध्याकाळ आठवते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर मी शेणाचा थर आन् वर जाड वाळका पाला पसरून राब रचला होता, पेरायच्या आधी जमीन भाजून घ्यायला. वारा पडला म्हणून काडीपेटी काढली, तर आमची कारभारीण बांधावरनं ओरडली, "अवं, थांबा! मांजर दुपारपासनं घरात न्हाई. दिवस भरलेत तिचं." मी म्हणालो, "आता मांजराला इचारून राब पेटवू व्हय?" आणि काडी ओढली. तेवढ्यात पाल्यातनं बारीक म्यॉव आलं. पेटती काडी मी बोटांनीच चिमटून विझवली, गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही हातांनी पाला बाजूला केला. ऊन चुकवून तिनं तिथंच तीन पिल्लं घातली होती; मायलेकरं धडधाकट. माझा जीव भांड्यात पडला. कारभारीण पिल्लं पदरात घेऊन हसली, "इचारलंत का मग मांजराला?" दुसऱ्या दिवशी सकाळी पेटवायच्या आधी मी अख्खा राब काठीनं उचकून पाहिला. "आता काय हुडकताय?" तिनं विचारलं. "साप," मी म्हणालो.