तळवे चौदा, मुठी नऊ

माझा धाकटा भाऊ जाऊन पाच महिने होत आले. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की मी उठतो, पाणी पितो, खिडकी बंद करतो, पुन्हा उघडतो. आजही दोनदा उठलो. पण जे लिहायचं आहे ते त्याच्याबद्दल कमी आणि मी त्याच्या माघारी केलेल्या एका गोष्टीबद्दल जास्त आहे, म्हणून आता बसून राहतो.

दिवसा तो चादरीच्या एका कारखान्यात सूत रंगवण्याच्या कामावर होता. त्याच्या नखांच्या कडा कायम निळ्या-तांबड्या असत. सकाळी सहा ते साडेसात तो एका शाळेच्या हॉलमध्ये तायक्वांदो शिकवायचा. वर्गात मुलं नव्हती, मोठी माणसंच होती: यंत्रमागावरचे कामगार, दोन रिक्षावाले, कॉलेजच्या मुली, एक नर्स. हॉलच्या मागच्या भिंतीला लागून मागाची शेड आहे, त्यामुळे त्याला प्रत्येक सूचना खटखटीच्या वरच्या आवाजात द्यावी लागे. घरी तो इतका हळू बोलायचा की आई त्याला दोनदा विचारायची.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. चाळिशीत हट्टानं त्याच्या वर्गात गेलो, पिवळ्या पट्ट्यापर्यंत पोचलो आणि गुडघ्यानं नाही म्हटल्यावर थांबलो. वाचणं मात्र थांबलं नाही. लाथ मारता येत नाही त्याला लाथेचा इतिहास फार आवडतो, असं तो म्हणे. तरीही रविवारी मी जाऊन मागे खुर्चीवर बसायचो. वर्गातले मला ‘मोठे सर’ म्हणत. आधी थट्टेनं, मग सवयीनं.

आमचा वाद ठरलेला होता. मी म्हणायचो, तुझ्या कोरियन शैलीतलं निम्मं जपान्यांचं आहे. जपान्यांच्या राज्यात ती माणसं कराटे शिकली आणि राज्य गेल्यावर त्याच वस्तूला आपलं नाव दिलं. तो चिडायचा नाही. म्हणायचा, हातातलं त्यांनी पायात आणलं, ते कुणाकडून शिकले? मग त्याला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगायचा. तिथे वेगवेगळ्या आखाड्यांचे वेगवेगळे गुरू होते, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, पण शेवटी एकत्र बसले आणि एक नाव ठरवलं. ज्या कलेचं नाव बैठकीत ठरलं, तिच्या वर्गात गुरूनं एकट्यानं सगळं ठरवायचं, हे त्याला पटत नव्हतं.

म्हणून तो प्रत्येक गोष्टीला मत घ्यायचा. उन्हाळ्यात अर्धा तास आधी यायचं का, कुठल्या स्पर्धेला जायचं, पंखा लावायचा की दारं उघडायची. मी म्हणायचो, एकीकडे काळ्या पट्ट्यापुढे कमरेत वाकायला लावतोस आणि दुसरीकडे त्याच माणसाला म्हणतोस, स्वतःचं मत दे. हे एका चटईवर मावत नाही. त्यावर तो पंचांचं उदाहरण द्यायचा. स्पर्धेत तीन कोपऱ्यांत तीन पंच बसतात. प्रत्येकाला आपल्या कोपऱ्यातून दिसतं तेवढंच दिसतं. ठोसा लागला असं दोघांना एकाच वेळी वाटलं तरच गुण मिळतो. ‘एकट्याला दिसलेलं खरं असंल बी,’ तो म्हणायचा, ‘पर ते पाटीवर चढत न्हाय.’

सुरुवातीला हात वर करून मत घेत असे. पण वर्ग पट्ट्यांच्या क्रमानं उभा राहतो. पहिली ती नर्स, काळ्या पट्ट्याची, मग लाल, निळे, हिरवे, पिवळे, शेवटी पांढरे. वरच्यानं जे केलं ते खालच्यानं करायचं, हे अंगात भिनलेलं. एकदा त्यानं गमतीनं विचारलं, उद्यापासून पहाटे तीनला यायचं का? नर्सचे केस सुटले होते, ते वर बांधायला तिनं हात उचलला. तो पाहून पुढचा हात वर गेला, मग त्याच्या पुढचा, आणि बघता बघता सगळी रांग हात वर करून गंभीरपणे उभी राहिली. भाऊ चटईवर बसून हसला. घरी आल्यावर मात्र जेवताना म्हणाला, तू म्हणतोस ते खरं आहे की काय असं वाटायला लागलंय.

मग त्यानं उपाय शोधला. कोरियन वर्गात पट्टा सैल झाला तर गुरूसमोर आवळत नाहीत, पाठ फिरवून आवळतात. त्यानं तीच रीत घेतली. मत द्यायच्या वेळी सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, डोळे मिटायचे, उजवा हात पाठीवर न्यायचा. तळवा उघडा म्हणजे होय, मूठ म्हणजे नाही. तो मागून एकदा चालत जायचा, मोजायचा आणि आकडे सांगायचा. कुणाचं मत काय हे फक्त त्याला कळे, आणि तो ते कधी बोलला नाही. मला त्यात एक भोक दिसत होतं. मोजणाऱ्यावर कोण लक्ष ठेवणार? मी त्याला तसं विचारलंही होतं. तो म्हणाला, मोजणारा मी हाय की.

कामावर असतानाच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. त्याहून जास्त मला इथे लिहिता येत नाही.

दिवस झाल्यावर वर्गातले घरी आले. प्रश्न सरळ होता. काळा पट्टा फक्त नर्सकडे होता. तिच्या वरचं कुणी नव्हतं, म्हणजे पुढच्या पट्ट्यांच्या परीक्षा घ्यायला माणूस बाहेरून आणावा लागणार होता, आणि तो मिळत नव्हता. कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरी करणारे एक कराटे शिक्षक गाडीनं येऊन शिकवायला तयार होते. पण मग सगळ्यांनी कराटे शिकायचं. तायक्वांदो बंद. नाहीतर नर्सनं शिकवायचं आणि जमेल तसं चालवायचं. सरांच्या रीतीनंच मत घेऊ, असं सगळे म्हणाले. मोजायचं कुणी? मोठ्या सरांनी. मी वर्गातला नव्हतो, तेव्हा मला बाजू नाही, असं त्यांना वाटलं.

रविवारी तेवीस जण भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तळवा म्हणजे कराटे, मूठ म्हणजे सरांचं तायक्वांदो. मी त्याच्यासारखाच मागून चाललो. पहिला हात नर्सचा होता. तळवा. भावाच्या हाताखाली नऊ वर्षं शिकलेली, स्पर्धेत तिचं नाक फुटलं तेव्हा त्यानं स्वतःच्या उपरण्यानं रक्त पुसलं होतं, तिचा तो तळवा माझ्यासमोर उघडा होता. पुढचे हात मी मोजले, पण मनानं मी तिथेच थांबलो होतो. रांग संपली तेव्हा तळवे चौदा होते आणि मुठी नऊ.

‘मुठी चौदा,’ मी म्हणालो. ‘तळवे नऊ.’

ते वळले. वाकून नमस्कार झाला आणि सोमवारपासून नर्सनं वर्ग घ्यायला सुरुवात केली.

पहिले दोन-चार दिवस मला आनंदासारखं काहीतरी वाटत होतं. मी रविवारची वाट न बघता रोज सकाळी जायला लागलो. तिचं ओरडणं खटखटीत बुडायचं, पण लाथ त्याचीच होती. टाच वळवण्याआधी खांदा किंचित खाली जायचा, तो त्याचाच होता. मग माझ्या लक्षात आलं की आठवड्यातून तीन दिवस ती रात्रपाळी करून थेट हॉलवर येते. डोळे सुजलेले असायचे. वर्ग सुटल्यावर पायरीवर बसून बूट घालताना तिचा हात मध्येच थांबायचा, जणू बूट कशासाठी असतो हे आठवत नव्हतं. तिनं तळवा का उघडला हे मला तेव्हा कळलं. मी ते आधी विचारू शकलो असतो. तिच्या त्या हातात मला फक्त भावाचा अपमान दिसला होता.

झोप उडाली. ग्रंथालयात पुस्तकं चुकीच्या कपाटात लावायला लागलो. कुणाला सांगावं तर सांगण्यासारखा एकच माणूस होता.

दोन आठवड्यांनी महापालिकेची निवडणूक आली. मतदाराच्या चिठ्ठ्या घरी आल्या, त्यात त्याचीही होती. मतदान केंद्रावर यादीत बोट फिरवताना तिथल्या बाईंनी सहज विचारलं, खालचं नाव तुमच्याच घरातलं का, येणार आहेत का? मी म्हणालो, नाही, ते वारले. त्यांनी मान खाली घातली आणि बोटाला शाई लावली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी यंत्रासमोर उभा राहिलो. एका प्रभागाचे चार नगरसेवक, म्हणून चार बटणं दाबायची होती. शेवटचं दाबल्यावर लांब आवाज आला. मी चार मतं तिथे ठेवून चाललो होतो. ती मोजणाऱ्या माणसांची नावं मला माहीत नव्हती, त्यांचे चेहरेही कधी दिसणार नव्हते. त्यांच्यापैकी एखाद्याचाही भाऊ वारलेला असेल, त्यालाही काहीतरी टिकवायचं असेल, आणि तरी तो आकडे सरळच सांगेल असं मी धरून चाललो होतो. बाहेर पडून मी घरी गेलो नाही. पार्क चौकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो, मग पुन्हा गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हॉलवर गेलो. वर्ग सुरू व्हायच्या आधी पुढे उभा राहिलो आणि सांगितलं. मी खोटं बोललो. तळवे चौदा होते.

लाल पट्ट्याचा एक जण, यंत्रमागावर काम करणारा, घरी तेलुगू बोलणारा आणि वर्गात सगळ्यात जास्त चेष्टा करणारा, खाली बघत म्हणाला, ‘आकडे तर बराबर सांगितले हुते मोठे सर. निस्ती ह्याची टोपी त्याला घातली.’

दोघं-तिघं हसले आणि लगेच थांबले. मला कळेना. मग नर्सनं सांगितलं. त्याच दिवशी बाहेर चपला घालताना त्यांनी एकमेकांना विचारलं होतं, तू काय केलं, तू काय केलं. चपला घालून होईपर्यंत त्यांना खरे आकडे कळले होते. सगळ्यांना दोन आठवडे माहीत होतं.

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

‘पंचाला उलटून बोलायचं न्हाय,’ ती म्हणाली. ‘हे सरांनीच शिकवलं की. आन् तुमाला कसं बोलायचं, मोठे सर? तुमी लई दिवसांनी जरा बरे दिसत हुता.’

माझा वाद मी जिंकला होता. वाकणं आणि मत देणं एका चटईवर मावत नाही, हे मी स्वतः करून दाखवलं होतं. तो असता तर हे त्याला कसं सांगितलं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

मी म्हणालो, आता मी मोजणार नाही. पुन्हा मत घ्या, दोघांनी मोजा, आणि बाहेर कुणी कुणाला विचारू नका. लाल पट्टेवाला म्हणाला, ‘मग तुमी काय करणार? पिवळा पट्टा हाय की तुमच्याकडं. हुबा ऱ्हावा.’ नर्सनं मला हातानं जागा दाखवली, पिवळ्यांच्या शेवटी, पांढऱ्यांच्या आधी. इतकी वर्षं खुर्चीवर बसून मी त्या वर्गात एकदाही मत दिलं नव्हतं.

भिंतीला तोंड करून उभं राहिल्यावर चुन्याचा वास येतो आणि मागाचे धक्के कपाळाला जाणवतात. नर्स आणि लाल पट्टेवाला आपापलं मत आधीच एकमेकांना सांगून मोजायला लागले होते. मी हात पाठीवर नेला. सकाळी घरून निघताना ठरवलं होतं की तिच्या रात्रपाळीसाठी तळवा उघडायचा. तेच योग्य होतं, आजही वाटतं. हात पाठीवर गेला आणि मूठ वळली. मी ती उघडायचा प्रयत्नही केला नाही. मोजणाऱ्यांची पावलं माझ्यामागे आली, थांबली नाहीत, पुढे गेली.

नर्सनं आकडे सांगितले. तळवे तेरा, मुठी अकरा.

कराटे ठरलं. तिनं हुश्श केलं, मला दिसलं, आणि मला बरंही वाटलं. पण अकरा कसे? आधीच्या नऊ आणि माझी एक म्हणजे दहा. चौदातला एक तळवा कुणीतरी मिटला होता. माझी दया आली म्हणून, की दोन आठवडे तिच्या हाताखाली शिकून खरंच मत बदललं म्हणून? मी रांगेवरून नजर फिरवली. एकेक चेहरा पाहिला. सगळे पट्टे सोडून घड्या घालत होते. विचारायचं नाही, असं मीच सांगून बसलो होतो. त्या दिवसापासून वर्गातलं कुणी रस्त्यात भेटलं की मी नमस्कार करायच्या आधी त्याच्या उजव्या हाताकडे बघतो.

कुर्डुवाडीला फोन मीच केला. ते शिक्षक भावाबद्दल दोन वाक्यं चांगलं बोलले. सोमवारपासून येतो म्हणाले. मग विचारलं, चटया तुमच्या आहेत की आम्ही आणायच्या?

चटया आहेत, मी म्हणालो. तुम्ही नुसतं या.