साहेबांच्या शब्दांचे जुने अर्थ

आमच्या सासूबाई पाणीपुरवठा कार्यालयात टायपिस्ट होत्या. सत्तावीस वर्षं एकच खिडकी, एकच टेबल. बोटं मशीनवर आणि कान साहेबांच्या केबिनकडे, असं त्या स्वतःच सांगायच्या. साहेब एरवी अगदी मऊ बोलायचे, पण पारा चढला की इंग्रजीवर घसरायचे.

त्या सुमारास जवळचं एक वाचनालय बंद पडलं आणि पुस्तकं रद्दीत निघाली. सासूबाई तिथून इंग्रजीचा एक शब्दकोश घेऊन आल्या. दोन खंड, आणि दोन्ही उचलताना धाप लागावी असे. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांना बारीक वस्तूंची सवय. ते म्हणाले, "हे घरात ठेवायचं, की घरच याच्यावर ठेवायचं?"

कोश साधा नव्हता. शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ आधी, त्यापुढे साल, आणि मग तो अर्थ कसकसा पालटत गेला त्याची सगळी हकिगत. सासूबाईंना वेडच लागलं. भाजी शिजेपर्यंत एक शब्द, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दुसरा.

एका दुपारी नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन केबिनमधून एवढंसं तोंड करून बाहेर आले. म्हणाले, "बाई, साहेब मला सगळ्यांसमोर 'सिली' म्हणाले."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्या हातात टाइप केलेली चिठ्ठी ठेवली. सिली : सुखी, देवाची कृपा असलेला. आठशे वर्षांपूर्वीचा अर्थ.

"खरंच?"

"मी नाही म्हणत. कोशात छापलंय."

ड्राफ्ट्समननी ती चिठ्ठी आपल्या टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि दिवसभर शीळ घालत रेघा ओढल्या. मग काय, बोलणी खाल्लेला जो तो सासूबाईंच्या टेबलाशी येऊन उभा राहू लागला. एकदा स्टोअरकीपरही आले, पण खुशीत. साहेब त्यांना 'नाइस' म्हणाले होते. सासूबाईंनी घरी पान उघडलं, तर जुना अर्थ निघाला मूर्ख! दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, "तुमचं पान फाटलंय हो." बिचारे स्टोअरकीपर आठवडाभर छाती काढून फिरले.

पुढे हे प्रकरण अंगाशी आलं. ड्राफ्ट्समननी नकाशात पाइपलाइन रस्त्याच्या भलत्याच बाजूला दाखवली. साहेबांनी लेखी खुलासा मागवला आणि त्या चुकीला 'एग्रीजियस', म्हणजे अक्षम्य, म्हटलं. सासूबाईंनी सवयीने अर्थ सांगून टाकला : हजारांत उठून दिसणारं, थोर. ड्राफ्ट्समननी कुणाला न विचारता खुलासा लिहून दिला, "माझ्या चुकीला थोर म्हटल्याबद्दल आभारी आहे."

साहेब कागद घेऊन बाहेर आले. "हे कुणी शिकवलं?"

सासूबाई उठल्या. "मी, साहेब. घरच्या शब्दकोशात बघून."

"उद्या ते पुस्तक घेऊन या."

त्या रात्री सासूबाईंना जेवण गेलं नाही. सकाळी सासऱ्यांनी दोन्ही खंड सायकलच्या कॅरिअरला बांधले आणि दोघं सायकल हातात धरून चालत कार्यालयात गेले. साहेबांनी दोन्ही खंड आत घेतले आणि एकट्यानेच केबिनचं दार लावून घेतलं. तासभर आतून काहीच ऐकू येईना. शिपाई चहा ठेवून आला, तो तसाच गार झाला. आणि एकदम आतून हसू फुटलं, मोठ्ठं, खोकला येईपर्यंतचं. साहेब दारात आले तेव्हा चष्मा पुसत होते.

"नकाशा सुधारा, खुलासा नवा लिहा," त्यांनी ड्राफ्ट्समनना सांगितलं. मग सासूबाईंकडे वळले. "आणि बाई, यापुढे मी बोलेन तो आजचा अर्थ. आजचा!"

पण त्यानंतर रागावताना ते मध्येच थांबायचे, सासूबाईंकडे बघायचे, आणि निम्मा राग तिथेच विरून जायचा.

साहेब निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्डावर सासूबाईंनी मोठ्या अक्षरांत टाइप केलं, 'आमच्या बुलीला'. कार्ड वाचून दाखवताच सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. दांडगाई करणाऱ्याला म्हणतात तो शब्द, आणि तोही साहेबांच्या तोंडावर! सासूबाई शांतपणे उठल्या. "सन पंधराशे तीस-चाळीसच्या आसपास या शब्दाचा अर्थ होता, जिवाचा लाडका."

आधी हसल्या त्या साहेबांच्या पत्नी. मग सगळं सभागृह. साहेब बोलायला उभे राहिले, पण दोनदा नुसतं पाणीच प्यायले. जाताना त्यांनी पहिला खंड वाचायला मागून घेतला.

तो अजून त्यांच्याकडेच आहे. सासूबाईंना त्या खंडातला शब्द हवा असला की त्या फोन लावतात. साहेब सालासकट सगळा अर्थ वाचून दाखवतात आणि उच्चारावरून वाद घालतात. "अहो, तुम्ही परत का मागत नाही तो?" असं मी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "दोन्ही खंड घरात आले, तर फोन कुणाला करू?"