उगी उगी

जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यात आमच्या शेजारचे आजोबा मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. एक डोळा आखला की दुसरा होईपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. मी पेणला इंग्रजी शिकवतो, येता-जाता कारखान्यात टेकतो, म्हणून हात मोकळा झाला की मला विचारायचे, "मास्तर, 'पीस ऑफ केक' म्हंजे काय ओ?" "अगदी सोपं काम," मी सांगायचो. त्यांच्या कॅनडातल्या नातवाला मराठी येत नाही. संध्याकाळी फोनवर त्याच्यापुढे तेच फेकून खूश व्हायचे.

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा तिकडेच वारला. सुतक फिटल्यावर ते पुन्हा आखणीला बसले. एक डोळा झाला आणि त्यांनी कुंचला खाली ठेवला.

"मास्तर, पोर फोनवर नुसतं रडतंय. आपलं 'उगी उगी' इंग्रजीत कसं म्हनतात?"

"देअर, देअर," मी म्हणालो.

त्यांनी ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

"ह्यात पाठीवरून हात फिरत नाय ओ."